'ऑथेल्लो'मधलं प्रेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नाट्यवाचनाच्या गटात शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' दोनदा झालं. दोन्ही वेळा पहिल्या बैठकीत सगळे खलनायक इयागोच्या कारस्थानावर बोलले. तिसऱ्या बैठकीपासून गाडी नवरा-बायकोवर घसरली ती शेवटपर्यंत तिथेच राहिली. तेव्हा पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत, आणि गटातल्या निम्म्या मंडळींना त्यातली काही आजही पटत नाहीत. नाटकातली वाक्यं मी माझ्या मराठीत सांगितली आहेत.

नाटक वाचलेलं नाही. गोष्ट थोडक्यात सांगाल का?

ऑथेल्लो हा व्हेनिसच्या नोकरीतला मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा, सेनापती. वर्णाने काळा, वयाने पोक्त, सगळं आयुष्य छावणीत गेलेलं. ब्रॅबॅन्शिओ या मातबर सिनेटरची मुलगी डेस्डिमोना रातोरात घर सोडून त्याच्याशी लग्न करते. त्याच रात्री तुर्की आरमार सायप्रसवर चालून येत असल्याची खबर येते आणि दोघांची रवानगी तिकडे होते. ऑथेल्लोने कॅसिओला लेफ्टनंट नेमलेलं असतं. ती जागा आपली होती म्हणून ऑथेल्लोचा ध्वजधारी इयागो जळत असतो. तो कॅसिओला दारू पाजून त्याचा हुद्दा घालवतो. डेस्डिमोना कॅसिओसाठी नवऱ्याकडे शब्द टाकते, आणि त्या शब्द टाकण्यालाच इयागो लफड्याचा रंग देतो. डेस्डिमोनाचा, इयागोने कॅसिओच्या खोलीत टाकलेला एक हातरुमाल पुरावा ठरतो. ऑथेल्लो बायकोला तिच्याच बिछान्यात श्वास कोंडून मारतो, खरं काय ते कळल्यावर स्वतःला भोसकून घेतो.

प्रयोगाची सर्वांत जुनी नोंद १ नोव्हेंबर १६०४ ची आहे, लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यातली.

हे तर संशयाचं नाटक. प्रेमाबद्दल एवढं काय बोलायचं?

संशय कशाचा? प्रेमाचाच ना. ज्याची प्रेमाची कल्पना जशी, तसा त्याचा संशय. म्हणून इयागोने ऑथेल्लोचे कान कसे भरले यापेक्षा ते इतक्या लवकर भरले कसे, हा प्रश्न मला जास्त छळतो. सायप्रसला उतरल्यापासून खुनापर्यंत रंगमंचावरचा काळ जेमतेम दीड दिवसाचा आहे.

शेक्सपिअरने ही गोष्ट जिराल्दी चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ च्या कथासंग्रहातून घेतली. त्या कथेत फक्त नायिकेला नाव आहे, बाकी सगळे 'मूर', 'ध्वजधारी', 'कप्तान'. आणि तिथला खलनायक स्वतःच नायिकेवर लट्टू असतो; ती दाद देत नाही म्हणून सूड घेतो. शेक्सपिअरने हे सोपं कारण जवळजवळ काढून टाकलं. झिडकारलेला प्रेमिक कळायला सोपा असतो. त्याच्या जागी ज्याला प्रेम ही वस्तूच खरी वाटत नाही असा माणूस बसवला, आणि नाटक तिथून अवघड झालं.

ऑथेल्लो आणि डेस्डिमोना प्रेमात पडले कसे?

गोष्टी सांगता-सांगता. ब्रॅबॅन्शिओ ऑथेल्लोला घरी बोलवायचा, त्याच्या लढाया, वेढे, गुलामगिरी, सुटका यांच्या हकिगती ऐकायचा. डेस्डिमोना घरकाम उरकून धावत येऊन बसायची. एक दिवस ती म्हणाली, 'तुमच्या एखाद्या मित्राचं माझ्यावर प्रेम असेल, तर त्याला ही गोष्ट अशी सांगायला शिकवा, म्हणजे झालं.' यापेक्षा उघड इशारा काय हवा!

सिनेटपुढे ऑथेल्लो या सगळ्याचं सार एका वाक्यात देतो : मी भोगलेल्या संकटांसाठी तिने माझ्यावर प्रेम केलं, आणि तिला त्यांची कणव आली म्हणून मी तिच्यावर. वाक्य देखणं आहे. पण दोनदा वाचा. दोन्ही बाजूंना ऑथेल्लोच आहे. तिच्या डोळ्यांत त्याला स्वतःची गोष्ट दिसली, ती त्याला आवडली. ती कोण आहे, तिला काय आवडतं, ती चिडते कधी, याबद्दल एक अक्षर नाही.

त्याच प्रवेशात डेस्डिमोनाला विचारतात तेव्हा तिचं उत्तर अगदी वेगळ्या घाटाचं येतं. तिला त्याचा चेहरा त्याच्या मनात दिसला, हे तर ती म्हणतेच. पण तिचा मुद्दा असा : मी या माणसावर प्रेम केलं ते त्याच्याबरोबर राहण्यासाठी. तो लढाईवर जाणार आणि मी इथे बसून राहणार असेन, तर ज्या सहवासासाठी लग्न केलं तोच हातचा गेला. भर सिनेटमध्ये ती हे बोलते. त्यावर ऑथेल्लो घाईघाईने खुलासा करतो की तिला बरोबर न्यायचं ते शरीरसुखासाठी नव्हे हं, वयाने ती आग आता निवली आहे. नव्या नवरीसमोर! आमच्या वाचनात इथे दर वेळी कुणीतरी खुदकन हसतं, आणि ते हसू मला योग्यच वाटतं.

म्हणजे दोघांचं प्रेम सारखं नव्हतं?

खोटं कुणाचंच नव्हतं. जातकुळी वेगळी होती. ती बघायची तर दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश काढा. वादळ होऊन गेलं आहे, तुर्कांचं आरमार बुडालं आहे, डेस्डिमोना आधी पोचली आहे आणि ऑथेल्लो मागून येतो. तिला पाहून तो म्हणतो, 'या घडीला मरण आलं तरी ते परमसुखाचं होईल. इतकं समाधान पुढे दैवात पुन्हा असेल असं वाटत नाही.' ती लगेच म्हणते, 'देव न करो! आपले दिवस वाढतील तसं आपलं प्रेम आणि सुखही वाढत जावं.'

प्रेमाचं वाक्य म्हणून त्याचं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहतं. टाळी त्यालाच मिळते. तिचं वाक्य साधं, जवळजवळ घरगुती आहे. पण माझ्या मते सगळी शोकांतिका या दोन वाक्यांमधल्या फटीत आहे. त्याच्या लेखी प्रेम म्हणजे शिखर. गाठलं. आता तिथून कुठे जायचं? खालीच. तिच्या लेखी प्रेम म्हणजे चालणं आहे; कालच्यापेक्षा आज थोडं अधिक, मध्ये रुसवेफुगवे, मध्ये कॅसिओसाठी भुणभुण. शिखरावर उभ्या माणसाला एक धक्का पुरतो.

तिसऱ्या अंकात, संशयाचा किडा शिरण्याच्या जरा आधी, ऑथेल्लो म्हणतो, 'तुझ्यावर माझं प्रेम आहे. ते नसेल तेव्हा पुन्हा प्रलय होईल.' ऐकायला गोड. पण संसार चाललेल्या घरात असं कुणी बोलत नाही. तिथे प्रेम कमी झालं तर भांडण होतं, अबोला होतो. प्रलय होत नाही. ऑथेल्लोकडे मधली अवस्थाच नाही. सर्व काही, नाहीतर काहीच नाही. पुढे तो इयागोला बजावतो की आधी पाहीन, मग शंका घेईन, शंका आली तर पुरावा मागेन, आणि पुरावा मिळाला की एक तर प्रेम जाईल नाहीतर मत्सर. लष्करी शिस्तीचा माणूस. लढाईत हे चालतं.

ब्रॅबॅन्शिओचं मुलीवर प्रेम नव्हतं का?

होतं, मालकाचं असतं तसं. पहिल्याच प्रवेशात रात्री त्याला उठवतात ते 'चोर, चोर! घर बघा, मुलगी बघा, थैल्या बघा' असं ओरडून, आणि तोही ऑथेल्लोला 'चोर' म्हणूनच हाक मारतो. याच माणसाने ऑथेल्लोला हौसेने घरी बोलावलं होतं. घरी बोलावणं वेगळं आणि जावई करून घेणं वेगळं, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

जाताना तो ऑथेल्लोला म्हणतो, 'डोळे असतील तर तिच्यावर नजर ठेव. बापाला फसवलं, तुलाही फसवेल.' हे वाक्य तो तिथे टाकून निघून जातो आणि पुढे इयागो ते उचलून जवळजवळ तसंच वापरतो : लग्न करताना तिने बापाला फसवलंच होतं की. तेव्हा पहिलं विष घरातलंच होतं. ब्रॅबॅन्शिओ त्या दुःखाने मेल्याची बातमी पाचव्या अंकात कुणीतरी ओझरती सांगतं. तोवर डेस्डिमोना गेलेली असते.

इयागो प्रेमाबद्दल काय म्हणतो?

त्याचं मत तो पहिल्याच अंकात, डेस्डिमोनावर लट्टू असलेल्या रॉडरिगोला देऊन टाकतो : प्रेम म्हणजे रक्ताची वासना आणि मनाने तिला दिलेली मोकळीक, बाकी काही नाही. शरीर ही बाग, इच्छाशक्ती हा माळी; लावायचं ते लाव, उपटायचं ते उपट. आता हे अगदीच टाकाऊ नाही, एखाद्या प्रवचनकाराच्या तोंडीही शोभेल. म्हणूनच इयागो धोकादायक. तो नेहमी अर्धं खरं बोलतो.

त्याच्या दृष्टीने डेस्डिमोनाला मूर आवडणं ही तात्पुरती भूक. पोट भरलं की दुसरीकडे वळेल. तो हे निव्वळ थाप म्हणून सांगत नाही, त्याला तसं वाटतंच. प्रेमात 'भूक' आणि 'मालकी' या दोनच गोष्टी त्याला दिसतात. ऑथेल्लो आपल्या बायकोजवळ गेला असेल असा त्याला संशय आहे. खरं-खोटं माहीत नाही, पण 'संशय हाच खरा धरून चालतो' असं तो स्वगतात स्वच्छ म्हणतो, आणि बदला हवा तो 'बायकोच्या बदल्यात बायको' असा. हिशेब चुकता. डेस्डिमोनावर आपलंही प्रेम आहे असं एकदा म्हणतो खरा, पण त्याच दमात ते वासनेपेक्षा सूडासाठी आहे हेही सांगतो. चिंथिओच्या कथेचं तेवढंच शेपूट उरलं आहे.

शेवटी सगळे विचारतात का केलंस, तर म्हणतो, 'मला काही विचारू नका. तुम्हाला माहीत आहे ते माहीत आहे.' आणि त्यानंतर तोंड उघडत नाही. आमच्यातल्या एका जुन्या वाचकाचं मत असं की त्याला स्वतःलाच कारण ठाऊक नव्हतं. मला ते पटतं.

ऑथेल्लोच्या वर्णाचा आणि या प्रेमाचा संबंध किती?

मोठा आहे, पण लोक तो चुकीच्या ठिकाणी शोधतात. डेस्डिमोनाला त्याच्या रंगाचा प्रश्न कधीच पडत नाही. तो पडतो आधी तिच्या बापाला, मग इयागोला आणि अखेर ऑथेल्लोला. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात तो स्वतःशीच पुटपुटतो, 'निसर्ग आपली वाट सोडून भरकटतो तेव्हा...' आणि इयागो ते वाक्य हवेतच झेलतो : 'हां, तोच तर मुद्दा!' आपल्या देशातली, आपल्या वर्णाची, आपल्या दर्जाची स्थळं तिने नाकारली, हे काही नैसर्गिक नव्हे. थोड्याच वेळात ऑथेल्लो एकटा असताना कारणं मोजतो : मी काळा आहे म्हणून असेल, मला दरबारी गोडगोड बोलता येत नाही म्हणून, वय उतरणीला लागलंय म्हणून.

जिने आपल्याला निवडलं तिची निवडच चूक असली पाहिजे, असं ज्याला आतून वाटतं त्याला कुणी किती प्रेम दिलं तरी पुरत नाही. हे ऑथेल्लोच्या मनात व्हेनिसने घातलं. इयागोने फक्त आठवण करून दिली.

रॉडरिगोला हसायचं की नाही?

हसा. 'मी जाऊन बुडून मरतो' म्हणणाऱ्या त्या प्रेमवीराला इयागो 'थैलीत पैसे भर' असं इतक्या वेळा सांगतो की शेवटी तो जमिनी विकायला निघतो. डेस्डिमोनासाठी म्हणून त्याने दिलेले दागिने इयागोच्याच खिशात जातात. त्याची समजूत अशी की पुरेसा खर्च केला की प्रेम मिळायलाच हवं, न मिळालं तर परतावा तरी मिळावा. चौथ्या अंकात तो खरोखरच दागिने परत मागायची भाषा करतो. असे रॉडरिगो आजही आहेत आणि ते सगळेच विनोदी नसतात.

कॅसिओ मनातून डेस्डिमोनाच्या प्रेमात आहे का?

नाही. तो तिची पूजा करतो. इयागो तिच्याबद्दल चावट बोलून त्याला चिथावत असतो, तर हा 'अतिशय गुणी बाई', 'विनयशील' अशी प्रशस्तिपत्रं देत राहतो. ती सायप्रसला उतरते तेव्हा सगळ्यांना गुडघे टेकायला लावतो.

हाच सभ्य गृहस्थ त्याच्यावर जीव टाकणाऱ्या बियान्काबद्दल काय बोलतो ते बघा. 'मी आणि तिच्याशी लग्न? त्या बाजारबसवीशी? एवढी का माझी अक्कल गेली?' आणि खो-खो हसतो. लपून बघणाऱ्या ऑथेल्लोला ते हसू डेस्डिमोनाबद्दलचं वाटतं आणि तिथे तिच्या मरणावर शिक्का बसतो. म्हणजे एका बाईच्या प्रेमाची केलेली टवाळी दुसऱ्या बाईच्या जिवावर उठली. एकीला देव्हाऱ्यात बसवायचं, दुसरीला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, आणि याला सभ्यपणा म्हणायचं. कॅसिओ वाईट माणूस नाही. त्याच्या जगाने त्याला इतकंच शिकवलं आहे.

बियान्का वेश्या आहे, तिच्या प्रेमाला काय महत्त्व?

फोलिओतल्या, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित ग्रंथातल्या, पात्रांच्या यादीत तिला तसं म्हटलं आहे खरं. पण नाटकात ती काय करते? कॅसिओ आठवडाभर फिरकला नाही तर तास मोजते : सात दिवस, सात रात्री, एकशे अडुसष्ट तास, आणि वाट बघणाऱ्याचे तास घड्याळातल्या तासांपेक्षा लांब. तो तिच्या हाती तो रुमाल देतो आणि म्हणतो, यावरची नक्षी मला उतरवून दे. तिला लगेच कळतं की ही दुसऱ्या बाईची वस्तू आहे. ती चिडते, पुढे रुमाल त्याच्या अंगावर फेकते, 'कुणाची तरी नक्षी मी काढत बसू?' म्हणते. आणि त्याच रागात सांगते, आज रात्री जेवायला यायचं तर ये.

मत्सराचं याहून निरोगी चित्र या नाटकात नाही. शंका आली, तोंडावर विचारलं, भांडली, जेवायला बोलावलं. ऑथेल्लोने एवढंच केलं असतं तर नाटक तिसऱ्या अंकात संपलं असतं!

पाचव्या अंकात कॅसिओ जखमी होऊन पडतो तेव्हा ती धावत येते. इयागो तिच्यावरच आळ घेतो, इयागोची बायको आणि डेस्डिमोनाची दासी एमिलियाही तिला शिवी घालते. ती उत्तर देते, 'मी तशी नाही. मला नावं ठेवणाऱ्या तुमच्याइतकंच माझं आयुष्य प्रामाणिक आहे.' नाटकातल्या तीन स्त्रियांपैकी शेवटी जिवंत राहते ती ही एकटी. पुढे तिचं काय झालं ते विचारायला कुणालाही सवड नसते.

एमिलियाने रुमाल नवऱ्याला दिलाच का? मैत्रिणीचा घात केला ना तिने?

या प्रश्नावर आमच्याकडे एकदा कप आपटला गेला आहे.

घटना अशी. रुमाल डेस्डिमोनाच्या हातून पडतो, एमिलियाला मिळतो. नवऱ्याने शंभर वेळा तो चोरायला सांगितला होता असं ती म्हणते. आधी तिचा बेत नक्षी उतरवून घेऊन ती इयागोला द्यायचा असतो. तो येतो, ती रुमाल दाखवते, तो हिसकावून घेतो. का हवाय हे तिला माहीत नाही; त्याच्या लहरीखातर दिला, एवढंच. पुढे डेस्डिमोना शोधत असते तेव्हा 'मला माहीत नाही' असं ती धडधडीत खोटं बोलते.

हे तिचं प्रेम आहे का? माझं उत्तर, हो. उपाशी प्रेम आहे. ज्या नवऱ्याकडून कौतुकाचा एक शब्द येत नाही त्याला काहीतरी दिल्यावर तो खूश होईल, एवढ्या आशेवर दिलेली वस्तू. पुढच्याच प्रवेशात ती म्हणते, 'पुरुष म्हणजे नुसती पोटं आणि आपण नुसतं अन्न. भूक असेतोवर खातात, पोट भरलं की ढेकर देतात.' ज्या बाईने हे जगून पाहिलं आहे तीच असं बोलू शकते. आणि गंमत बघा, इयागोच्या आणि तिच्या बोलण्यात एकच उपमा आहे, भुकेची. एकाने ती जेवणाऱ्याच्या बाजूने वापरली, दुसरीने ताटातून.

चौथ्या अंकाच्या शेवटी दोघी बोलतात, त्या प्रवेशाचं एवढं कौतुक का?

कारण नाटकात प्रेमाबद्दल दोन माणसं शांतपणे बोलतात ती तेवढीच. बाकी सगळे भाषण देतात, आरोप करतात किंवा कट रचतात.

रात्र आहे. ऑथेल्लोने चारचौघांत बायकोला मारलं आहे, आता तिला एकटीने झोपायला जायला सांगितलं आहे. एमिलिया तिचे कपडे उतरवते आहे. तिच्याच सांगण्यावरून बिछान्यावर लग्नाच्या रात्रीच्या चादरी घातल्या आहेत. डेस्डिमोनाला आईच्या दासीची आठवण येते. बार्बरी तिचं नाव. तिचा प्रियकर वेडा झाला आणि तिला सोडून गेला, आणि ती विलोचं गाणं गात मेली. इंग्रजी गाण्यांत विलोचं झाड टाकून दिलेल्या प्रेमिकांचं. तेच गाणं आज डोक्यातून जात नाही, म्हणते.

मग विचारते, खरंच अशा बायका असतात का, नवऱ्याला फसवणाऱ्या? तू करशील, साऱ्या जगाच्या मोबदल्यात? एमिलिया सांगते, एका अंगठीसाठी नाही करणार, लुगड्याकापडासाठी नाही करणार; पण सारं जग? जग केवढं मोठं, आणि पाप केवढंसं! नवऱ्याला राजा करता येणार असेल तर कोण नाही करणार?

थट्टेत सुरू झालेलं हे बोलणं मग एकदम गंभीर होतं. बायका घसरतात तो दोष नवऱ्यांचा, असं ती म्हणते. ते बाहेर उधळतात, घरी हात उगारतात, कोंडून ठेवतात. बायकांनाही त्यांच्यासारखीच जाण असते, त्यांनाही दिसतं, वास येतो, गोड-आंबट कळतं. त्यांनाही ओढ असते, मौज हवी असते, तोल जातो.

आता एक छपाईची गोष्ट, जी मला थक्क करते. १६२२ साली निघालेल्या क्वार्टो आवृत्तीत, म्हणजे या एकाच नाटकाच्या छोट्या सुट्या पुस्तकात, विलोचं गाणं नाही आणि एमिलियाचं हे भाषणही नाही. दोन्ही १६२३ च्या फोलिओत आहेत. क्वार्टोपेक्षा फोलिओत सुमारे १६० ओळी जास्त आहेत, त्यांत या. कारणांवर अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात शिरत नाही. पण फक्त क्वार्टो उरला असता तर या नाटकातलं प्रेमाबद्दलचं सर्वांत शहाणं बोलणं आपल्याला कधी ऐकूच आलं नसतं.

रुमालाचं एवढं काय?

ऑथेल्लोने दिलेली ती पहिली भेट. त्यावर स्ट्रॉबेरीची नक्षी. तिसऱ्या अंकात तो रुमालाची कथा सांगतो : एका इजिप्शियन मांत्रिक बाईने तो माझ्या आईला दिला, जवळ असेल तोवर नवरा ताब्यात राहील, हरवला तर मन उडेल. पाचव्या अंकात तोच माणूस म्हणतो, हा माझ्या वडिलांनी आईला दिला होता.

कुठलं खरं? मला वाटतं पहिल्या वेळी तो बायकोला घाबरवत होता. ज्याने गोष्टी सांगून तिला जिंकलं, तो आता गोष्ट सांगून तिला धाक घालतो. डेस्डिमोना तेव्हा पुटपुटते की मग तो मी कधी पाहिलाच नसता तर बरं. तिला रुमाल आवडायचा, त्याने दिला म्हणून; ती त्याचे मुके घ्यायची, त्याच्याशी बोलायची. त्याला मात्र तो मोहोर उठवलेला दस्तऐवज वाटतो.

मरताना डेस्डिमोना नवऱ्याला वाचवते. हे प्रेम की गुलामी?

'हे कुणी केलं?' असं एमिलिया विचारते. 'कुणी नाही. मीच. माझ्या स्वामींना माझा नमस्कार सांग.' वीस-बावीस वर्षांच्या मुली हे वाक्य वाचायलाच तयार नसतात. साठीच्या बायका वाचताना थांबतात.

मला ते फक्त सोशिकपणाचं वाटत नाही. चौथ्या अंकात ती म्हणाली होती की त्याचा निष्ठुरपणा माझा जीव घेईल, पण माझ्या प्रेमाला डाग लावू शकणार नाही. प्रेम हा तिचा स्वतःचा निर्णय होता. बापासमोर तिने तो घेतला, सिनेटसमोर घेतला. तो निर्णय चुकला असं ती कुणाला म्हणू देत नाही, मारणाऱ्यालाही नाही. यात मानीपणा आहे. पण मारहाण सोसणाऱ्या बाईच्या तोंडी हे वाक्य रोज ऐकू येतं, 'पडले, दारावर आपटले,' हेही मला दिसतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. नटीने यातलं कुठलं निवडायचं ते दिग्दर्शकाने सांगू नये.

आणि लगेच एमिलिया काय करते ते विसरू नका. इयागो तिला गप्प बस, घरी जा म्हणतो. ती म्हणते, 'नवऱ्याचं ऐकणं योग्यच. पण आत्ता नाही. कदाचित मी आता घरी कधीच जाणार नाही.' आणि सगळं बोलून टाकते. इयागो तिला भोसकतो. मरताना ती मालकिणीशेजारी ठेवायला सांगते आणि विलोचं गाणं गुणगुणते. माझ्या मते या नाटकातलं सर्वांत मोठं प्रेम हे आहे, आणि ते नवरा-बायकोचं नाही.

'शहाणपणाने नव्हे, पण अतोनात प्रेम केलं' हे ऑथेल्लोचं म्हणणं खरं मानायचं?

पहिला अर्धा भाग मानतो. दुसऱ्याबद्दल अडखळतो. मरण्याआधी तो व्हेनिसला लिहायच्या पत्राचा मसुदा सांगतो : मी सहजी संशय घेणारा नव्हतो, मला चिथावलं गेलं, जातकुळीपेक्षा मोलाचा मोती मी हाताने फेकला. पुन्हा गोष्ट. पुन्हा तोच निवेदक, तोच नायक. मग अलेप्पोमध्ये एका तुर्काला आपण कसं मारलं हे सांगू लागतो, आणि 'असं' म्हणत खंजीर स्वतःत खुपसतो. स्वतःच तुर्क, स्वतःच त्याला मारणारा.

ऐकणारी उरलेली नसते, तरी सांगायचं थांबत नाही. मला तिथे त्याचा राग येत नाही, पोटात तुटतं. पण त्याच्या शब्दावर विसंबून मी निकाल देणार नाही.

मराठीत हे नाटक कुठे भेटतं?

गोविंद बल्लाळ देवलांचं 'झुंझारराव' (१८९०) हे 'ऑथेल्लो'चंच मराठी रूप. शिरवाडकरांनीही 'ऑथेल्लो' मराठीत आणलं. मला जास्त मौज वाटते ती देवलांच्या पुढच्या उडीची. 'झुंझारराव'नंतर तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, त्यांचं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' आलं आणि १९१६ मध्ये त्याचंच 'संगीत संशयकल्लोळ' झालं. त्याचं मूळ शेक्सपिअरमध्ये नाही. पण एकाच लेखकाने आधी रुमालावरून बायको मारली गेलेली दाखवली आणि मग एका तसबिरीवरून सगळे नवरा-बायको एकमेकांच्या मागे लागलेले दाखवून प्रेक्षकांना लोळवलं. फाल्गुनराव ऑथेल्लोपेक्षा कमी संशयी नाही. फरक इतकाच की त्याची कृत्तिका गप्प बसत नाही, उलट त्याच्यावरच संशय घेते. दोघंही तोंडाने भांडत राहतात.

आम्हाला स्पर्धेसाठी एकच प्रवेश बसवायचा आहे. कुठला घ्यावा?

चौथ्या अंकाचा तिसरा. दोन नटी, एक बिछाना, एक खुर्ची, बाकी नेपथ्य नको. सुरुवातीला ऑथेल्लो आणि पाहुणे येतात तेवढे कापा.

त्यात एक अडचण आहे. डेस्डिमोना एमिलियाला 'इथली पिन काढ' म्हणते, मध्येच गाणं, मध्येच वारा दार वाजवतो, पुन्हा पिना. हे सगळं संवादांबरोबर बसवायचं तर खऱ्या पिना लागतात. नुसतं हात फिरवून भागत नाही, प्रेक्षकांना लगेच कळतं. आम्ही मोजून अकरा लावल्या होत्या. गाणं अर्धवट तुटेपर्यंत सात निघायच्या. उरलेल्या चार काढता-काढता एमिलियाला ते सगळं भाषण बोलायचं होतं, आणि तालमीत दर वेळी एक पिन राहूनच जायची.